दिसायला चांगली

ओदिला फागुंदेस ही डूख धरणारी बाई होती आणि ते ती लपवतही नसे. पोर्तो आलेग्रे शहरातल्या एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात तिने एकतीस वर्षं कॉफी केली आणि वाटली. घरगुती सामानाची दुकानं चालवणारी कंपनी. देशाच्या साऱ्या दक्षिणेत तिची दुकानं. एवढ्या वर्षांत ओदिलाला कोणी रडताना पाहिलं नाही की कोणाशी तावातावाने भांडताना पाहिलं नाही. पण कोण कधी काय बोललं, कोणत्या साली, त्या दिवशी त्याच्या अंगात कोणता कोट होता, हे सगळं तिच्या डोक्यात जसंच्या तसं असे. चांगली माणसं विसरून जातात, असं पाद्री रविवारी सांगायचा. ओदिला घरी येऊन म्हणायची, "मग मी नसेन चांगली. माझं काय अडलंय?"

ती रेस्तिंगाची. शहराच्या मधोमध काळ्या लोकांच्या वस्त्या होत्या, त्या उठवून सरकारने माणसं ट्रकमध्ये भरली आणि जिथे नेऊन ओतली, ते रेस्तिंगा. तिथून शहरात यायला बसने दीड तास. तिची आई त्या बसने येऊन लोकांचे कपडे धुवायची, आणि ओदिला त्याच बसने येऊन टंकलेखनाच्या वर्गाला जायची. मिनिटाला साठ शब्द, एकही चूक नाही. प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आईने ते काचेच्या चौकटीत घालून येशूच्या शेजारी टांगलं. येशूपेक्षा जरासं वरच.

एकोणीसशे नव्वद साली पेपरात जाहिरात आली. स्वागतिका पाहिजे, टंकलेखन आवश्यक, दिसायला चांगली. आता 'दिसायला चांगली' म्हणजे काय, हे त्या शहरात शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळत होतं. गोरी पाहिजे, असं छापायची लाज वाटायची, कायद्याचीही थोडी धास्ती होती, म्हणून हे दोन शब्द. ओदिलालाही ते कळत होतं. पण बावीस वर्षांची होती ती. तिला वाटलं, आपण सगळ्यांत जलद टाइप केलं तर समोरचा माणूस गप्प बसेल. मावशीचे बूट घालून, तापलेल्या लोखंडी कंगव्याने केस सरळ करून ती गेली. नऊ मुली होत्या. सगळ्यांच्या आधी तिचा कागद संपला.

आतल्या खोलीत नोकरभरतीचा साहेब बसला होता, एदगार केसलर. वय बत्तीस, केस बारीक कापलेले, करड्या रंगाचा कोट. त्याने तिचा कागद पाहिला, मग तिला पाहिलं, मग पुन्हा कागद पाहिला.

"टायपिंग उत्तम आहे तुमचं," तो म्हणाला. "पण जाहिरातीत अजून एक अट होती."

"वाचलीये मी."

"मग?"

एवढंच. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. उलट अगदी सभ्यपणे म्हणाला, की खाली पॅन्ट्रीत कॉफी करणारी बाई हवी आहे, उद्यापासून या. ओदिलाच्या आईचे हात तोवर सोड्याने कामातून गेले होते. ओदिला दुसऱ्या दिवसापासून आली. स्वागतिकेच्या जागी जी मुलगी घेतली ती दोन बोटांनी टाइप करायची आणि चार महिन्यांत लग्न करून निघून गेली. मग दुसरी आली, तीही तसलीच.

तर तेव्हापासून ओदिलाने डूख धरला. सुरुवातीला तिने तो हप्त्याहप्त्याने फेडून घेतला. एदगार केसलरच्या कपात ती रोज कालचा चोथा पुन्हा गाळून ओतायची. बाकी सगळ्यांना ताजी कॉफी, त्याला चोथ्याची. आणि गंमत अशी की तो दर नाताळला सगळ्यांसमोर म्हणायचा, "आमच्या दोना ओदिलासारखी कॉफी अख्ख्या रिओ ग्रांदे राज्यात कोणाला जमत नाही!" दोना म्हणजे बाईसाहेब; ओदिला मान खाली घालून हसायची. नवऱ्याला सांगायची, तो बिचारा बस कंडक्टर, तो म्हणायचा, "अगं, पुरे झालं आता." नवरा वारला, मुलगी परिचारिका होऊन लग्न करून गेली, तरी तिचं काही पुरं झालं नाही. चोथ्याने काय होतंय? तिला हवं होतं ते एवढंच: या माणसाने एकदा चारचौघांत, तिच्यासमोर, रंगाच्या नावाने मान खाली घालावी. पैसा नको, माफी नको. नुसती त्याची खाली गेलेली मान तिला बघायची होती. त्यासाठी ती निवृत्तीसुद्धा पुढे ढकलत राहिली.

एदगार केसलर मात्र चढत गेला. आता तो कर्मचारी विभागाचा संचालक होता आणि सगळे त्याला डॉक्टर एदगार म्हणत. कशाचा डॉक्टर, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे चांगला कोट घातलेला माणूस साठीला आला की डॉक्टर होतोच.

मग साओ पावलोच्या मालकांकडून फर्मान आलं. वरच्या जागांसाठी दरवर्षी जी तरुण मुलं घेतात, ती यंदा फक्त काळी आणि सावळी घ्यायची. बाकी भरती बंद. कार्यालयात नुसता हलकल्लोळ झाला. बैठक बोलावली, ओदिला कॉफी घेऊन आत गेली तेव्हा डॉक्टर एदगार उभा राहून बोलत होता.

"मी आयुष्यात कधी कोणाचा रंग पाहिला नाही," तो म्हणत होता. "मी फक्त लायकी बघतो. आज तुम्ही चाळणीची भोकं मोठी करताय. उद्या खडे खाली आले की माझ्याकडे येऊ नका."

ओदिलाने त्याच्यापुढे कप ठेवला. हात जरासुद्धा हलला नाही तिचा. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत वाद आणखी पेटायचे. माल पाठवण्याच्या विभागातला दिर्सेऊ हा गोरा, गरीब, रेस्तिंगाच्याच बसने येणारा. तो एकदा काळ्या घेवड्याची ताटली बाजूला सारून तिच्यावरच उखडला.

"माझ्या पोरीने काय घोडं मारलंय हो, दोना ओदिला? तीही त्याच बसने जाते, तीही संध्याकाळच्या कॉलेजात शिकली. तिच्या बापाने कधी गुलाम ठेवले होते? बापाकडे तर कुत्रंसुद्धा नाही!"

"तुझ्या पोरीवर अन्याय झाला असेल, दिर्सेऊ," ओदिला म्हणाली. "माझ्यावर झाला तेव्हा तू याच टेबलावर बसून जेवत होतास. घास अडकला होता का घशात?"

दिर्सेऊने ताटली पुन्हा पुढे ओढली. हे उत्तर नव्हे, हे ओदिलालाही ठाऊक होतं. पोरगी खरंच हुशार होती, आणि तिला दार बंद करून काही मोठं पुण्य लागणार नव्हतं. पण त्या दिवसांत ओदिलाला उत्तरं द्यायची नव्हतीच, तिला परतफेड हवी होती, आणि ती कोणाच्या वाट्याला जाते याकडे बघायला तिला सवड नव्हती.

आता या योजनेत एक भानगड होतीच. अर्जात जो तो स्वतःच लिहिणार, मी काळा, मी सावळा. आणि आपला देश असा, की नोकरी मिळत असेल तर स्वीडनहून कालच उतरलेला माणूसही सावळा होईल. म्हणून पाच जणांची एक समिती नेमायची ठरली. उमेदवाराला समोर बसवायचं, बघायचं आणि ठरवायचं. समितीत एक कर्मचारी हवा, काळा आणि वीस वर्षं नोकरी झालेला. वीस वर्षं टिकलेली काळी माणसं त्या सात मजल्यांत तीनच निघाली: फाटकावरचा पहारेकरी, संडास धुणारी बाई आणि ओदिला. डॉक्टर एदगारनेच तिचं नाव सुचवलं.

"दोना ओदिला आपली घरची बाई आहे," तो म्हणाला. "समजूतदार."

समितीच्या लोकांना दोन दिवस शिकवणी होती. शिकवायला विद्यापीठातून प्रोफेसर जुसारा आल्या, समितीच्या अध्यक्षही त्याच. नियम एकवीस, पण त्यांनी चौथ्यावर बोट ठेवून तो तीनदा वाचून घेतला: फक्त चेहरा, त्वचा आणि केस बघायचे. आईबाप, आजीआजोबा, रक्त, जन्माचे दाखले, जुने फोटो यांतलं काहीही धरायचं नाही.

"का, ते सांगते," प्रोफेसर जुसारा म्हणाल्या. "दुकानातला रखवालदार काळ्या गिऱ्हाइकाच्या मागे मागे फिरतो ना, तो आधी आजीचा फोटो मागतो का? जाहिरात देणाऱ्याने कधी मागितला? त्यांनी तोंड बघून हाकललं, आपण तोंड बघूनच घ्यायचं. नाहीतर या देशात कोण उरेल? प्रत्येकाच्या कपाटात एक काळी आजी आहे. तिच्या हयातीत तिला कोणी बाहेर काढलं नाही, आता नोकरीसाठी काढतील."

ओदिलाने हे वहीत उतरवून घेतलं, चौथ्या नियमाखाली दोन रेघा मारल्या. नियमांच्या कागदावर खाली सही होती संचालक एदगार केसलर यांची. त्याने ती कशी केली, हेही तिने पाहिलं होतं, कारण तेव्हा ती कप उचलत होती. एक ओळही न वाचता, फोनवर बोलत बोलत, नाक मुरडून त्याने सही ठोकली होती.

पुढे ऑक्टोबरात एके सकाळी पॅन्ट्रीच्या दारात डॉक्टर एदगार येऊन उभा राहिला. एकतीस वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच आला असेल. बसू का, असं विचारून तो उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसला. ओदिला फडकं पिळत होती, तिने ते पिळणं चालू ठेवलं.

"दोना ओदिला, आमच्या ब्रेनोला तुम्ही ओळखता."

"न ओळखायला काय झालं? लहान होता तेव्हा इथे यायचा, बिस्किटं मागायला."

"त्याने अर्ज केलाय. या योजनेत."

ओदिलाच्या हातातलं फडकं थांबलं. ब्रेनो केसलर, चोवीस वर्षांचा, हिरव्या डोळ्यांचा, आईवर गेलेला पोरगा. उन्हात अर्धा तास ठेवला तर सोलून निघेल असा.

"कोणत्या खान्यात?" तिने विचारलं.

"सावळा." डॉक्टर एदगारने घसा साफ केला. "हे बघा, तो काही खोटं बोलत नाहीये. रक्त आहे. माझ्याकडून आहे. डिसेंबरात मी निवृत्त होतोय, त्यानंतर या दारातून आमचं कोणी आत येणार नाही. पोरगा दोन वर्षं घरी बसलाय. तुमच्या शब्दाला समितीत वजन आहे, असं ऐकतो."

हाच तो माणूस, खडे आणि चाळणीवाला. ओदिलाच्या छातीत असा आनंद उसळला की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. चौथा नियम तिच्या जिभेवर होता. एका वाक्यात सांगता आलं असतं: डॉक्टर, रक्त चालत नाही, पोराला घरी ठेवा, उगाच शोभा करून घेऊ नका. ते सांगणं तिचं कर्तव्यच होतं, तसं शिकवणीत बजावलंही होतं.

"रक्ताचा पुरावा काय?" तिने विचारलं.

"एक फोटो आहे. एकच."

"कोणाचा?"

"आहे एका बाईचा. घरातल्या."

"मग आणा की. उमेदवाराबरोबर एक माणूस येऊ शकतो, तुम्हीच या." ओदिला फडकं झटकून वाळत घालू लागली, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसणार नाही. "पण नुसता फोटो टेबलावर ठेवून भागायचं नाही बरं का, डॉक्टर. ती बाई कोण, हे स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

त्याने उठून तिचा हात हातात घेतला. "उपकार झाले, दोना ओदिला."

तो गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि पोट धरधरून हसली. हा माणूस स्वतःच आरोपी, स्वतःच साक्षीदार, आणि सुळावर चढायला शिडीही स्वतःच आणणार होता. हे पाप आहे असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. आलं आणि तसंच गेलं.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता समिती बसली. पाच खुर्च्या, समोर दोन, एक कॅमेरा आणि टिपणं घेणारी एक मुलगी. ओदिलाने पॅन्ट्रीचा एप्रन काढून निळा पोशाख घातला होता, मुलीच्या लग्नातला. ब्रेनो आत आला आणि समितीतल्या एका बाईने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. पोरगा महिनाभर समुद्रकाठी पडून आला असावा. सावळा झालाच नव्हता, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला होता, नाकाची सालं निघत होती. केस दुकानात जाऊन कुरळे करून आणले होते. तो कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हता, आणि त्याने अर्जातलं वाक्य वाचलं तेव्हा आवाज फुटत होता.

"मी स्वतःला सावळा समजतो."

"कधीपासून?" कोणीतरी विचारलं.

"जूनपासून," ब्रेनो म्हणाला. जूनमध्ये जाहिरात आली होती. पोरगा मूर्ख होता, पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

डॉक्टर एदगार लगेच पुढे सरसावला. आतल्या खिशातून पाकीट काढून त्याने त्यातला फोटो टेबलावर ठेवला आणि बोटाने समितीकडे सरकवला. फोटो हातोहात फिरत शेवटच्या खुर्चीवर आला. ओदिलाने चष्मा लावला.

डोक्याला पांढरं फडकं बांधलेली, काळी कुळकुळीत, रुंद हाडाची एक बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ओदिलाने तिला ओळखलं.

नव्याण्णव सालच्या नाताळच्या जेवणाला कंपनीने ओदिलाला या माणसाच्या घरी कामाला पाठवलं होतं. तिथे स्वयंपाकघरात ही म्हातारी होती. स्वयंपाकीण आहे, असं मालकिणीने सांगितलं. दोघींनी मिळून साठ माणसांचे पेले धुतले, पुसले. म्हातारीने ओदिलाला स्टुलावर बसवलं, आधी ताट वाढून दिलं आणि म्हणाली, "गोऱ्यांच्या घरी रिकाम्या पोटी राबू नये गं, पोरी." ओदिलाने विचारलं होतं, "किती वर्षं झाली इथे कामाला, दोना दोरा?" म्हातारी खूप हसली होती. म्हणाली, "पहिल्यापासून."

"कोण ही?" ओदिलाने विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला.

"नातेवाईक," डॉक्टर एदगार म्हणाला.

"नातेवाईक म्हणजे कोण?"

त्याने प्रोफेसर जुसारांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"माझी आई," तो म्हणाला.

ओदिला त्याच्याकडे बघत होती आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिला ते दिसत होतं: कायम बारीक कापलेले केस, वाढू न दिलेले, आणि ते नाक. ते नाक तिने स्टुलावर बसून जेवताना पाहिलं होतं. म्हणजे नव्वद साली, 'मग?' असं विचारताना, या माणसाची आई घरी याच्याच सदऱ्यांना इस्त्री करत होती. आजवर तिचा राग एका गोऱ्यावरचा होता. आता तो दुप्पट झाला, तिप्पट झाला, त्याला नावच उरलं नाही.

"श्रीयुत केसलर," प्रोफेसर जुसारा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा गैरसमज झालाय. चौथ्या नियमाप्रमाणे आम्हाला हा फोटो धरता येत नाही. फक्त उमेदवाराचा चेहरा."

"पण मला सांगण्यात आलं होतं..." तो थांबला. वळून ओदिलाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर सगळं एकेक करून उमटत गेलं.

"नियमावर सही तुमचीच आहे, डॉक्टर," ओदिला म्हणाली. "नियम वाचायला हवे होते."

हात वर झाले. पाच विरुद्ध शून्य, अर्ज नामंजूर. ओदिलाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला आणि सगळ्यांच्या नंतर खाली आला. डॉक्टर एदगारची मान खाली गेली होती. जी बघायला ती इतकी वर्षं थांबली होती, तीच ही मान, रंगाच्या नावाने खाली गेलेली. ती तिने डोळे भरून पाहिली. तिला पुरेसं वाटलं नाही.

तो उठला, फोटो घ्यायला हात पुढे केला. "तर मग हा विषय कागदावर यायची गरज नाही," तो म्हणाला. "धरलाच नाही म्हणता ना? मग झालं. विनंती आहे माझी. दोना ओदिला, तुम्ही तरी..."

ओदिलाने फोटोवर तळहात ठेवला. "आठवा नियम," ती म्हणाली. "उमेदवाराने जे जे दाखवलं त्याची नोंद व्हायची. कोणाचा फोटो, नाव, नातं. धरायचं नाही म्हणजे गिळायचं असं नाही. लिही गं, पोरी."

प्रोफेसर जुसारांनी नाइलाजाने मान हलवली. नियम होता तसा.

"नाव?" टिपणं घेणाऱ्या मुलीने विचारलं.

"दोरालिना," तो कुजबुजला. "दोरालिना दा रोझा."

"काम?"

"स्वयंपाकीण," तो म्हणाला. सवयीने तोंडातून गेलं असावं, कारण म्हणताक्षणी त्याने डोळे मिटले.

इतका वेळ ब्रेनो आपल्या नाकाची सालं ओढत बसला होता. तो पुढे झुकला. ओदिलाच्या तळहाताखालून त्याने फोटो अलगद ओढून घेतला, जवळ धरला.

"पप्पा, ही दोरा आहे," तो म्हणाला. "आपली दोरा. मागच्या खोलीतली."

बापाने फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"तुम्ही मला फक्त फोटो आहे म्हणालात. दाखवला नाहीत." पोराचा आवाज आता फुटत नव्हता. "मी तिला म्हणायचो, दोरा, बूट काढ. रोज शाळेतून आलो की खुर्चीवर पाय पसरून म्हणायचो. ती खाली बसून काढायची. तुम्ही समोर पेपर वाचत असायचात."

"ब्रेनो, घरी बोलू."

"ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला दफनाला नेलं नाही. कामवाल्यांच्या दफनाला आपण जात नसतो, असं सांगितलंत." त्याने फोटो टेबलावर बापासमोर ठेवला. "मी तिला काय म्हणायला हवं होतं, पप्पा?"

प्रोफेसर जुसारा कॅमेरा बंद करायला उठल्या. "आपण इथे थांबू या, हे आता घरगुती..."

"राहू द्या चालू," ओदिला म्हणाली. "पोराने विचारलंय. ऐकू दे त्याला."

तिला त्या पोराची दया आली, हे खरं. त्याचा यात काही दोष नव्हता आणि घाव त्याच्यावरही बसला होता, तोही तिच्याच हाताने. पण तेवढ्यासाठी ती बापाला सोडणार नव्हती. स्टुलावर बसून खाल्लेल्या त्या अन्नाचं देणं आता तिच्या डोक्यावर होतं, स्वतःच्या अपमानापेक्षा मोठं. म्हातारीला याने आयुष्यभर नाकारलं होतं, आणि आज समितीनेही, ओदिलासकट, 'धरता येत नाही' म्हणून तिला बाजूला सारलं होतं. निदान एकदा तरी तिचं नातं या माणसाच्या तोंडून, याच खोलीत, सगळ्यांच्या देखत बाहेर पडायला हवं होतं.

कोणी पाणी पुढे केलं नाही. तो कोणाची वाट बघत होता कोण जाणे, पण त्याला वाचवायला कोणी आलं नाही. शेवटी त्याने फोटोकडे न बघता तोंड उघडलं.

"आजी," एदगार केसलर म्हणाला.

मुलीची बोटं कीबोर्डवर थबकली होती. हे लिहायचं की नाही, ते तिला कळेना.

"नातं, आजी," ओदिलाने तिला सांगितलं. "उमेदवाराची. आणि त्याच्या वर 'काम' म्हणून जे लिहिलंयस ते खोडून तिथे लिही, संचालकांची आई."

मुलीने खोडलं, लिहिलं, कागद छापून आणला. एदगार केसलरने या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कागद वाचला, आणि मग सही केली.